कवठेकर डॉक्टरांचा हात

माणूस किती आजारी होता, हे आपल्याकडे टाक्यांवरून ठरतं. मूत्रपिंडाचं ऑपरेशन म्हणजे पूर्वी बरगडीखालून पाठीपर्यंत चांगला वीतभर काप असायचा. समाचाराला आलेला पाहुणा तो बघून गप्प व्हायचा, शहाळी कॉटखाली ठेवायचा आणि निघताना "काही लागलं तर सांगा" हे जवळजवळ मनापासून म्हणायचा. रोबोट आल्यापासून पोटाला चार-पाच भोकं पडतात, वर पट्ट्या. रक्त फारसं जात नाही, दुखणं गोळीवर भागतं, पेशंट दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी बाथरूमला जातो आणि थोड्याच दिवसांत गल्ल्यावर बसतो. यात नफा सगळा पेशंटचा. तोटा झाला तो पाहुण्यांचा. एवढ्या लांबून यायचं आणि बघायला काही नाही.

एक गोष्ट मात्र रोबोटलाही हलवता आली नाही. ती म्हणजे हातगुण. कोल्हापूरच्या माणसाला मशीन कुठल्या देशातलं, त्याला दांड्या किती, कॅमेरा कसला, याच्याशी देणंघेणं नाही. हात कुणाचा, तेवढं सांगा. हाताला गुण असला की त्या डॉक्टरनं नुसतं पाण्याचं इंजेक्शन दिलं तरी चालतं. आणि मूत्रपिंडाच्या बाबतीत गावाच्या मते तो हात एकच होता, डॉ. इंद्रजित कवठेकरांचा.

त्या हाताला कंप सुटला होता. गावात हे दोघांनाच ठाऊक होतं: कवठेकरांना आणि त्यांच्या बायकोला, डॉ. वृषालीला. तिसरं ते मशीन, पण ते कुणाजवळ बोलत नव्हतं.

वृषाली भूलतज्ज्ञ. लग्न झाल्यापासून दोघं एकाच थिएटरात. ती झोपवायची, ते कापायचे. सकाळचा चहा ती हल्ली अर्धा कपच भरायची. का, ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. संसारात बरेच करार असे होतात. सही नाही, साक्षीदार नाही आणि मोडायची सोय नाही.

कंप तसा साधा. हात मांडीवर असला की शांत, काही धरायला गेला की थरथर. लांबच्या शहरातल्या एका तज्ज्ञाला कवठेकर गुपचूप दाखवून आले होते. आनुवंशिक आहे, वाढत जाईल, पण जिवाला धोका नाही, असं तो म्हणाला. कुणाच्या जिवाला, हे त्याला विचारलं नाही.

विचारायची गरज वाटली नाही, कारण मशीन. इथं मशीनचं थोडं समजून घ्यायला हवं. या पद्धतीत सर्जन पेशंटला हात लावत नाही. तो बाजूला एका खुर्चीत बसतो, दुर्बिणीसारख्या खिडकीत डोकं घालतो आणि दोन मुठी धरतो. पेशंटच्या पोटात त्या भोकांतून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दांड्या गेलेल्या असतात. कुणाच्या टोकाला कात्री, कुणाच्या चिमटा, एकीला कॅमेरा. सर्जनचा हात इकडे बोटभर हलला की तिकडे कात्रीचं टोक दाण्याएवढं हलतं. म्हणून तर एवढं नाजूक काम होतं. हात जरासा थरथरला, तर ती थरथर मधेच गाळली जाते, चहाचा चोथा गाळणीत राहावा तशी. इथपर्यंत जुनं झालं.

नवीन मशीन त्यापुढे गेलं होतं. ते शिकायचं. कुठल्या सर्जनचा हात कुठं वळतो, कुठं थबकतो, शिरेच्या कुठल्या बाजूनं कात्री घालतो, हे शेकडो ऑपरेशनांतून टिपून ठेवायचं. हॉस्पिटलात त्याला 'ठसा' म्हणत. थरथर थोडी असेल तर गाळणी पुरते. पण थरथरच जास्त झाली, तर गाळून मागं उरणार काय? तेव्हा मशीन ठशाकडे बघतं. या जागी हा माणूस एरवी काय करतो? मग तेवढं ते स्वतः भरून काढतं. गिचमीड अक्षर वाचून कुणी सुवाच्य लिहून द्यावं, तसं.

त्यामुळे झालं असं, की कवठेकरांचा हात जसजसा बिघडत गेला, तसतसे त्यांचे निकाल सुधारत गेले. हॉस्पिटलच्या संचालकांनी त्यांचा सत्कारही केला. नारळ घेताना तो त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरला. लोकांना वाटलं, भारावले.

दिगू म्हणजे दिग्विजय, वृषालीचा धाकटा भाऊ. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. गाड्या आता बऱ्याचशा आपल्या आपण चालतात, तरी लायसन लागतंच, आणि लायसन लागतं तोवर दिगू लागतो. एका रविवारी तो स्कॅन घेऊन बहिणीच्या घरी आला आणि सोफ्यावर बसायच्या आधीच म्हणाला, "दाजी, डाव्या अंगाला लिंबू निघालंय बघा. सरबत करायचं का लोणचं?"

हसला तो एकटाच. कवठेकरांनी स्कॅन पडद्यावर लावला. डाव्या मूत्रपिंडाला खरंच लिंबाएवढी गाठ होती. ती वेळेत काढली तर मूत्रपिंड वाचणार होतं. नाही काढली तर मूत्रपिंडावर भागणार नव्हतं.

"पुण्याला माझा मित्र आहे," कवठेकर म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला आहे. त्याच्याकडं करू."

"का ओ? तुम्ही संपावर हाय काय?"

"घरच्या माणसावर सर्जननं हात टाकू नये, दिगू. मन घट्ट राहत नाही."

"मन मशीनचं घट्ट आहे की. तुम्ही हात तेवढा द्या." दिगूनं चहात बिस्कीट बुडवलं. "मला सगळं माहीत आहे. आमच्या शिकाऊ गाडीसारखंच आहे ते. दोन्हीकडं ब्रेक. पोराला वाटतं, ब्रेक आपणच मारला. पण काय ओ दाजी, निम्म्या गावाच्या पोटात तुमचा हात गेला आणि सख्ख्या मेव्हण्याला पुण्याला लावून द्यायचं? लोक म्हणतील, ह्यांचं फाटलं."

"लोकांचं राहू दे."

"बरं, लोकांचं राहू दे. मला भ्या वाटतंय," दिगू म्हणाला. हे त्यानं बिस्किटाकडे बघत सांगितलं. "अनोळखी माणसाच्या हातात नको मला. तुमच्या हाताला गुण आहे. आक्का, तू सांग की यांना."

वृषालीनं नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "इथंच करू."

दिगू गेल्यावर कवठेकर बराच वेळ स्कॅनसमोर बसून होते.

"सांगून टाकू त्याला," ते म्हणाले.

"काय सांगणार?"

"माझा हात हलतो म्हणून."

"दिगूला सांगितलं म्हणजे दवंडी पिटली. मग आजवरचा एकेक पेशंट दारात येऊन विचारेल, माझ्या वेळी हलत होता का? काय उत्तर द्याल?" तिनं कप उचलले. "आणि कुणाला काही झालंय का एवढ्यात? उलट आधीपेक्षा बरं चाललंय. मशीन आहे ना."

"मशीन आहे म्हणूनच म्हणतोय." ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात त्या शिक्षिका होत्या बघ, त्यांच्या वेळी मी मधेच थांबलो. नुसता विचार करायला. कात्री थांबली नाही."

कप तिच्या हातातच राहिले. "मग?"

"मग काय, बरोबर कापलं. मी जसं कापलं असतं अगदी तसं. म्हणून कुणाला बोललो नाही."

"बरोबर कापलं ना?"

"हो."

"मग झालं तर."

ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला आणि कप विसळून झाल्यावरही तो चालूच ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी दिगूची बायको मेघना थिएटरच्या दारापर्यंत आली. डोळे सुजलेले, पण पावडर लावलेली. "वन्सं, तुम्ही आत आहात ना," ती म्हणाली, "मग मला काळजी नाही." माणसं आपली काळजी अशी दुसऱ्याच्या हवाली करतात आणि मोकळी होतात. वृषालीनं ती घेतली, दुसरं काय करणार.

नियम असा होता, की भूल देण्याआधी मशीन भूलतज्ज्ञाला एक प्रश्न विचारायचं. सर्जनला स्वतःबद्दल विचारण्यात अर्थ नाही, एवढं शहाणपण ते बनवणाऱ्यांना होतं. बायकोला विचारण्यातही नाही, हे मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

"सर्जन सक्षम आहेत का?" छतातून शांत, गोड आवाज आला.

"शंभर टक्के," टेबलावरून दिगू म्हणाला.

मशीनला त्याचा आवाज चालत नव्हता. त्यानं तोच प्रश्न तितक्याच गोडीनं पुन्हा विचारला.

"हो," वृषाली म्हणाली.

"आक्का, उठल्यावर पांढरा रस्सा चालंल काय?"

"आधी झोप," ती म्हणाली आणि औषध सोडलं. दिगू झोपला. आता त्याचा श्वासही मशीनवर होता, आणि ते दुसरं मशीन, श्वासाचं, वृषालीच्या हाताखाली होतं.

सुरुवात सुरेख झाली. कवठेकर खुर्चीत, डोकं खिडकीत. टेबलाजवळ डॉ. नसीमा मुजावर, त्यांची सहायक, एका जादा भोकातून चिमटा आणि शीर बंद करायच्या क्लिपा पुरवत होती. चांगली सर्जन होती, स्थिर हाताची. पण तिच्या पिढीनं पूर्ण उघडलेलं पोट व्हिडिओतच पाहिलं होतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिगूचं आतलं जग उजळलं होतं, पिवळट चरबी, निळसर शीर. त्या चरबीतून कात्री अशी फिरत होती, की बघणाऱ्यानं बघत राहावं. वृषालीनं पडद्याकडे बघितलं, मग खाली नवऱ्याच्या हातांकडे. मुठींमधले हात थडथडत होते. पडद्यावर त्यातलं काहीच नव्हतं. तिनं पुन्हा हातांकडे बघायचं टाळलं.

"हे काय आहे?" कवठेकर पुटपुटले.

निळ्या शिरेच्या मागं शेवईएवढं बारीक काहीतरी उडत होतं. ठक, ठक.

"दुसरी धमनी," ते म्हणाले. "मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला चाललीय. स्कॅनमध्ये दिसली नव्हती. असते काही जणांना. ठीक आहे. नेहमीसारखं खालून जायचं नाही, वरून वळसा घालतो."

कात्री किंचित वर उचलली गेली. मग एखाद्या सुशील मुलीसारखी खाली आली आणि नेहमीच्या वाटेनं, शिरेखालून, पुढे सरकली.

"वर," कवठेकर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी वर नेतोय."

कात्री खाली गेली.

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. डोकं बाहेर आलं की मशीन असेल तिथं थांबतं, एवढी सोय होती. कात्री थांबली. पाती उघडी होती आणि ती शेवई दोन पात्यांच्या मधे उडत होती.

काय झालं होतं, ते कवठेकरांच्या तेव्हाच लक्षात आलं. अलीकडे कंपाचा झटका आला की त्यांचा हात वर उडायचा. मशीननं ते शिकून घेतलं होतं. या जागी हात वर गेला, की ती थरथर. गाळून टाका. ठसा सांगतो, हा माणूस इथं खालून जातो. इतकी वर्षं तो खालूनच गेला आहे. आज त्या माणसाचा विचार बदलला होता, आणि मशीनच्या लेखी विचार बदलणं आणि हात थरथरणं यांत फरक नव्हता.

"सर, मी ओढून घेऊ बाहेर?" नसीमानं विचारलं.

"हात लावू नकोस. पात्यात ती धमनी आहे."

"उघडायचं का पोट?" वृषाली म्हणाली.

"उघडायला माझी सवय हवी आणि नसीमाचे हात. एका माणसात दोन्ही नाहीत." त्यांनी डोकं पुन्हा खिडकीत घातलं, पण मुठींना हात लावला नाही. "थेट हात."

"थेट हात दिल्यास कंप गाळला जाणार नाही," मशीन म्हणालं. "किंवा ठशानुसार स्थिर हात पुढे चालू ठेवता येईल. भूलतज्ज्ञ, परवानगी?"

नसीमानं मान वर केली. "कंप? कुणाचा कंप?"



एकीकडे स्थिर हात होता, तो चुकत होता. दुसरीकडे बरोबर असलेला हात होता, तो हलत होता. मधे दिगूची शीर. वृषालीला सकाळच्या चहाला नवऱ्याच्या हातातला चमचा कपावर वाजतो, तो आवाज आठवला. मग सत्काराचा नारळ दिसला. मग तिच्या मनात आलं, की आपण 'थेट हात' म्हटलं तर आत्ता इथं पडद्यावर, नसीमाच्या देखत, सिस्टरांच्या देखत, तो हात दहापट मोठा होऊन थरथरेल. संध्याकाळपर्यंत गावभर होईल. आणि सकाळी 'हो' कुणी म्हटलं, हेही. एवढा हिशेब तिनं केला. तो करायला फार वेळ लागत नाही. एका श्वासाएवढा.

तो श्वास दिगूचा होता. नाजूक जागी सर्जनची कात्री टेकली, की भूलतज्ज्ञ श्वासाचं मशीन क्षणभर रोखून धरतो, कारण छाती फुगली की मूत्रपिंडही खाली सरकतं. वृषालीनं हे आयुष्यभर न सांगता केलं होतं. आज ती विसरली. छाती फुगली, मूत्रपिंड सरकलं, ती शेवईएवढी धमनी थांबलेल्या पात्यावर घासली आणि पडदा लाल झाला.

"थेट हात," ती म्हणाली, आणि श्वास रोखला.

पडद्यावर चिमटा आला तो पिसाळल्यासारखा. एका सिस्टरनं तोंडाला हात लावला. तेवढ्या लालीत तो इकडून तिकडे नाचत होता, आणि प्रत्येक वेळी तो मोठ्या शिरेला लागेल असं वाटत होतं.

"नसीमा," कवठेकर म्हणाले, "तुझा चिमटा आत घे. माझ्याखाली धर. टेकू दे मला."

"कुठं सर?"

"जिथं मी पडतोय तिथं."

तिनं आपला चिमटा आडवा धरला. त्यांचा त्यावर टेकला, घसरला, पुन्हा टेकला. नाच कमी झाला, थांबला नाही. पहिली क्लिप हुकली. दुसरी बसली, पण अर्धवट. मॉनिटरवर रक्तदाब उतरत होता आणि वृषाली एका हातानं रक्ताची पिशवी पिळत होती. तिसरी क्लिप बसली. लाल रंग वाढायचा थांबला.  कवठेकरांच्या मानेवरून घाम ओघळून कॉलरमध्ये जात होता.

दिगू वाचला. गाठ निघाली. तुटलेली शीर ज्याला रक्त पुरवायची तो मूत्रपिंडाचा खालचा तिसरा हिस्सा काळा पडला होता, तोही काढावा लागला. उरलेल्यावर माणसाचं भागतं, सांभाळून राहिलं तर.

दुपारी कवठेकरांनी जाऊन संचालकांना सगळं सांगितलं. पुन्हा त्या खुर्चीत बसणार नाही, असंही सांगितलं. संचालकांनी पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही खुशाल आराम करा, डॉक्टर," ते म्हणाले. "ठसा आहेच आपल्याकडं. पेशंटची गैरसोय होऊ देणार नाही."

दुसऱ्या दिवशी दिगू उशीला टेकून बसला होता. मऊ भात खाऊन झाला होता. एक मावसभाऊ भेटायला आला होता. पट्ट्या बघून तो म्हणाला, "एवढंच होय? मग आता चार दिवसांत गाडीवर."

"हात कुणाचा आहे," दिगू म्हणाला. "तुमच्या पोटात काय असलं तर सांगा, दाजींना शब्द टाकतो."

वृषालीनं मावसभावाला आणि मेघनाला चहाला पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"दिगू, दाजींचा हात हलतो. बरेच दिवस झाले."

"माझाबी हलतो की, पोलीस दिसला की."

ती हसली नाही. खुर्चीवर बसून तिनं सगळं सांगितलं. ठसा, गाळणी, दुसरी धमनी, खाली गेलेली कात्री. दिगू ऐकत होता. नेहमी ज्या जागी त्यानं एखादा विनोद टाकला असता, अशा जागा आल्या आणि गेल्या.

"म्हणजे माझ्या पोटात मशीनच होतं," तो म्हणाला.

"सुरुवातीला. ते चुकलं. मग दाजींनी स्वतःच्या हातानं शीर बंद केली. हलत्या हातानं."

"मग दाजींनीच वाचवलं."

"हो."

त्यानं थोडा विचार केला. "शीर तुटली ती कुणाच्या हातून? मशीनच्या का दाजींच्या?"

मशीनच्या, असं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. मशीनवर काही ढकललं तर ते हरकत घेत नाही. नवऱ्याचं नाव गेलंच होतं, आता वाचवायचं होतं ते एकच नातं. वृषालीनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"तेव्हा दोघंही थांबले होते," ती म्हणाली.

"मग?"

"तुझा श्वास चालू होता. तो माझ्याकडं होता, दिगू. मी रोखायला हवा होता. मी तिथं उभी राहून विचार करत होते, की हे बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील."

बाहेर मेघना कुणाला तरी सांगत होती, की बरे आहेत, बोलतायत, जेवले.

 गुडघ्यांवर घेतलेली चादर दिगूनं हळूहळू वर ओढली, पट्ट्यांवरून, छातीवरून, गळ्यापर्यंत. मग दोन्ही बाजूंनी ती अंगाखाली खोचून घेतली, खोलीत परकं माणूस आलं की सावरून घेतात तशी.

"मेघनाला आत पाठव," तो म्हणाला.